साठ लोंब्यांची दुरुस्ती

दामू,

तुझ्या शोकसभेला मी दुसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर होतो. नववी आणि दहावीच्या वर्गांमधला लाकडी पडदा काढून सभागृह केलं होतं. टेबलावर तुझा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि फोटोला टेकून काचेची एक चौकट उभी केलेली. चौकटीत वर्तमानपत्राचं कात्रण. कागद पिवळा पडला आहे, पण मथळा लांबूनही वाचता येतो : ‘विद्यार्थ्यांनी मोजलं धान’. त्याखाली थोड्या लहान अक्षरात : ‘लोंबीमागे सरासरी एकशे सात दाणे’. ही बातमी माझी आहे.

तीन भाषणं झाली आणि तिन्ही भाषणांत एकशे सात आला. मुख्याध्यापक म्हणाले, या आकड्यानं शाळेचं नाव नागपूरपर्यंत गेलं. सरपंचांनी आकडा चुकवला, एकशे सतरा म्हणाले, मग शेजारच्यानं सांगितल्यावर सुधारला. शेवटी ते साहेब उठले. तेव्हा पिकाच्या आणेवारीला कचेरीतून येत असत, तेच. आता निवृत्त आहेत आणि शोकसभांना जातात. ते म्हणाले, “मास्तरांच्या आकड्यावर आम्ही कचेरीत डोळे मिटून विश्वास ठेवला.” या वाक्याला टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या.

मागे दहावीची मुलं जमिनीवर बसली होती. साहेबांच्या तोंडून एकशे सात निघताच त्यांच्यातली एक मुलगी, फार मोठ्यानं नाही, म्हणाली, “साडेएकोणपन्नास.” मग तिच्या बाजूची दोघं-तिघं तेच म्हणाली. मुख्याध्यापकांनी मान वळवून डोळे वटारले. साहेब थांबले, हसले आणि विचारलं, “काय म्हणते पोरगी?” कोणी सांगितलं नाही. खुर्च्यांवर बसलेल्यांत उत्तर ठाऊक असलेला मी एकटा होतो. मीही सांगितलं नाही.

मला शिसारी आली. घरी येऊन ती कोणाकोणाची आली ते कागदावर लिहून काढलं. साहेब, मुख्याध्यापक, टाळ्या वाजवणारे, ती चौकट. शेवटी माझं नाव लिहिलं. ते पहिलं यायला हवं होतं. हा मजकूर त्यासाठी आहे. तुझं जन्मगाव, नोकरीची वर्षं, मागे कोण आहे, हे सगळं परवा चौदा ओळींत छापून आलं आहे. ते परत देत नाही.

तुझ्या वर्गात मी पहिल्यांदा बसलो तो कंटाळा आला म्हणून. करडी गावाच्या पुढे एका खेड्यात कसलंसं उद्घाटन होतं, पाहुणे आले नव्हते, आणि तुझी शाळा रस्त्यात होती. आपण भंडाऱ्याला एका बाकावर शिकलो. तू गणितात पहिला, मी निबंधात. तू मास्तर झालास आणि मी नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर. सायकल भिंतीला लावून मी शेवटच्या बाकावर बसलो. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

संख्याशास्त्राचा धडा पुस्तकात शेवटी होता. इतर शाळांत तो ‘घरी वाचून घ्या’मध्ये जात असे. तू तो दिवाळीच्या सुमाराला घ्यायचास. पुस्तकात एका कारखान्यातल्या कामगारांचं उदाहरण होतं. तू विचारलंस, कारखाना कोणी पाहिला आहे? एकही हात वर आला नाही. तू पुस्तक मिटलंस. मग मुलांनी आपापल्या घरात किती माणसं जेवतात ते एकेक सांगितलं आणि तू फळ्यावर खुणा करत गेलास. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, की झाली एक जुडी. कापणीला आलेल्या गावात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागला नाही. जुड्या मोजल्या की वारंवारता, डावीकडे माणसं, उजवीकडे घरं, आणि तासाच्या शेवटी अख्खं गाव फळ्याच्या एका कोपऱ्यात मावलं होतं.

संभाव्यतेसाठी तुझ्याकडे चिंचोके होते. दगडावर घासून निम्मे केलेले, एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी बाजू वर पडायची शक्यता किती, असं विचारलं की अख्खा वर्ग म्हणायचा, निम्मी. मग प्रत्येकाला पन्नास वेळा टाकायला लावायचास. निम्मी कधी आली नाही. चिंचोका एका बाजूनं फुगीर असतो, तो आपल्या मर्जीनं पडतो. “न मोजता निम्मं म्हणणं हा आळस आहे,” तू मुलांना सांगायचास. वर्गात तू पुस्तकी बोलायचास आणि वर्गाच्या बाहेर पाय पडला की आपली भाषा.

त्या दिवशी बाहेर आल्यावर माझं पहिलं वाक्य होतं, की मजा आली. तुझं पहिलं वाक्य होतं, “कालच्या बातमीत अलोट गर्दी लिवलं. अलोट म्हनजे किती बे?”

मी म्हणालो, मोजायला वेळ कोणाला आहे.

“मंग ‘मोजले नाही’ असं लिही ना.”

हा वाद पुढं आयुष्यभर चालला. तू माझ्या बातम्या पेन्सिल घेऊन वाचायचास. ‘सर्वत्र हळहळ’खाली रेघ मारून विचारायचास, किती घरी जाऊन आलास? मी म्हणायचो, तुझ्या सारणीत माणूस दिसत नाही. घरात अकरा माणसं हे कळतं, त्यांतलं कोण तापानं पडलं आहे ते कळत नाही. त्यावर तू एकदा म्हणालास, “त्यासाठी तू आहेस ना. मी किती ते सांगतो, तू कोन ते सांग.” मी या कामात इतकी वर्षं घालवली, पण माझ्या धंद्याची याहून सोपी व्याख्या मला कोणी सांगितली नाही. मी ती कशी पाळली, तो पुढचा भाग.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस आला नाही. धान निसवायच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या, वेळेला पाणी लागतं, आणि नेमकं तेव्हाच आभाळ कोरडं. गावच्या तलावात होतं तेवढं पाणी तोंडाजवळच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, पुरलं. शेवटाकडच्या बांध्यांत धान उभं राहिलं, लांबून पिवळंही दिसलं, पण लोंबीत दाणा भरला नाही. अशा लोंबीला पोचट म्हणतात. ती हातात घेतली की लगेच कळतं, कारण ती वाकत नाही.

तुला त्या वर्षीच्या सारणीसाठी लोंब्याच हव्या होत्या. प्रत्येकानं घरून दोन-दोन लोंब्या आणायच्या, भरलेले दाणे मोजायचे, वर्ग पाडायचे. वर्गात तीस मुलं, म्हणजे साठ लोंब्या. शनिवारी सकाळच्या शाळेत मोजणी झाली. मुलं नखानं एकेक दाणा दाबून पाहत होती, भरलेला असेल तर मोजत होती. मी त्या दिवशी मोहाडीच्या बाजाराची बातमी करून परत येत होतो. फळ्यावर सारणी पूर्ण झाली होती, ती मी जशीच्या तशी उतरवून घेतली. एकोणतीस दाण्यांपर्यंत : एकही लोंबी नाही. तीस ते एकोणसाठ : दोन. साठ ते एकोणनव्वद : नऊ. नव्वद ते एकशे एकोणीस : एकतीस. त्यापुढे एकशे एकोणपन्नासपर्यंत : अठरा. सरासरी एकशे सात. एका मुलानं खाली संभाव्यताही काढली होती : डोळे मिटून एक लोंबी उचलली तर ती नव्वद किंवा त्याहून जास्त दाण्यांची निघण्याची शक्यता, साठात एकोणपन्नास.

मला छान बातमी दिसली. खेड्यातली मुलं, हातात धान, फळ्यावर गणित. मी तुला दोन प्रश्न विचारले : मुलं किती, आणि तुझं नाव पूर्ण कसं लिहायचं. लोंब्या कुठून आल्या, कोणी तोडल्या, हे विचारलं नाही. नव्या पोरालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात ते मी केलं नाही. पाकीट दुपारच्या एस.टी.नं नागपूरला गेलं आणि सोमवारी बातमी चौकटीत आली.

सारणीच्या पहिल्या ओळीतल्या शून्यानं तुला शनिवारी रात्रीच त्रास द्यायला सुरुवात केली होती, हे तू मला नंतर सांगितलंस. पावसानं दगा दिलेल्या गावात एकही पोचट लोंबी नाही, हे कसं? सोमवारी तू वर्गात विचारलंस. मग यशोदा उठली. तिच्या घरची बांधी तलावाच्या अगदी शेवटाला.

ती म्हणाली, “आमच्या बांधीतल्या पोचट होत्या, गुर्जी. मोठ्या आईच्या बांधीतल्या मागून आनल्या. तुमच्या दाराले पोचट लोंब बांधाव का?”

तुझ्या गावची रीत मला ठाऊक होती, तुला तर होतीच. नवं धान तयार झालं की पहिल्या लोंब्यांची एक जुडी देवाच्या दाराला बांधतात आणि एक जुडी मास्तरच्या. तुझ्या चौकटीवर दर वर्षी अशी जुडी लटकायची आणि महिना-दीड महिना चिमण्या ती खायच्या. देवाला आणि मास्तरला पोचट देत नाहीत. तू ‘दोन लोंब्या आणा’ म्हणालास तो नेमका जुडी बांधायचाच आठवडा. तीस मुलांनी तुझा मान राखला. काहींनी आपल्या बांधीतल्या सगळ्यात जड लोंब्या निवडल्या, काहींनी तलावाच्या तोंडाजवळच्या नातेवाइकांकडून मागून आणल्या. कोणी खोटं बोललं नाही आणि सगळी सारणी खोटी निघाली.

तू रागावला नाहीस. त्याच दुपारी विहिरीचा दोर सोडून घेतलास, त्याला दहा-दहा पावलांवर गाठी मारल्यास आणि वर्ग घेऊन बांध्यांत उतरलास. तलावाच्या तोंडापासून शेवटापर्यंत दोर टाकत जायचं, गाठ पडेल तिथं डोळे मिटून हात घालायचा, जी लोंबी हाताला लागेल ती तोडायची. पुन्हा साठ झाल्या तेव्हा थांबलात. मंगळवारी मोजणी झाली. एकोणतीसपर्यंत : एकोणीस. तीस ते एकोणसाठ : बावीस. साठ ते एकोणनव्वद : अकरा. नव्वद ते एकशे एकोणीस : सहा. त्यापुढे : दोन. सरासरी साडेएकोणपन्नास. डोळे मिटून उचललेली लोंबी नव्वद किंवा त्याहून जास्त दाण्यांची असण्याची शक्यता साठात आठ.

मंगळवारीच दुपारी तू माझ्या खोलीवर आलास. एस.टी. स्टँडमागची ती खोली, एक टेबल, एक खाट. तुझ्या हातात फूलस्केपचे दोन कागद होते, एकावर पहिली सारणी, दुसऱ्यावर दुसरी. पाणी प्यायच्या आधी म्हणालास, “दुरुस्ती छापाची आहे.”

“चूक कोनाची?”

“माझी. मोजलं बरोबर, तोडलं चूक. माझ्या नावानं छाप.”

मी हसलो. दुरुस्ती कोणी वाचत नाही, असं म्हणालो.

“एकच वाचनारा पायजे,” तू म्हणालास. “शुक्रवारी तो गावात येऊन राहिला.”

तो म्हणजे साहेब. शुक्रवारी गावात आणेवारीची बैठक होती. आणेवारी म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज. पीक निम्म्याच्या खाली ठरलं तर गावात सरकारी काम निघतं : रस्त्याची खडी, तलावाचा गाळ. निम्म्याच्या वर ठरलं तर निघत नाही. काम निघालं तर तलावाच्या शेवटाकडची घरं उन्हाळा गावात काढतात. नाही निघालं तर धान उचललं की माणसं मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि शाळेच्या हजेरीपटावरची नावं कमी होतात. नियमानं साहेबांनी बांधीतला तुकडा कापून, झोडपून, मोजून पाहायला हवं. ते पाटलांच्या ओसरीवर बसून विचारत, यंदा कसं काय? या वर्षी ते माझ्या बातमीचं कात्रण खिशात घेऊन फिरत आहेत, असं तुला ग्रामसेवकाकडून कळलं होतं.

मी कागद घेतले. “आजच्या गाडीनं पाठवतो,” म्हणालो. तू चहा घेतलास आणि परतीच्या बसला गेलास.

दामू, मी ते पाठवले नाहीत.

कारण सांगतो, सबब म्हणून नाही. त्याच सकाळी संपादकांचं पोस्टकार्ड आलं होतं. धानाची बातमी आवडली, अशाच पाठवत जा, जिल्ह्याच्या कायम प्रतिनिधीसाठी तुमचं नाव पुढे केलं आहे. दुसऱ्या दिवशी त्याच बातमीची दुरुस्ती त्यांच्या टेबलावर जाणं मला परवडणारं नव्हतं. तुझे कागद मी पाकिटात घातले, पाकिटावर पत्ता लिहिला आणि पाकीट टेबलाच्या खणात ठेवलं. तू रिकामी करून ठेवलेली कपबशी तेव्हा समोरच होती. निर्णयाला एवढाच वेळ लागला.

शुक्रवारी सकाळचा अंक तू मोहाडीला जाऊन विकत घेतलास, पानन् पान पाहिलंस आणि बैठकीला गेलास. तिथं काय झालं ते तूच मला सांगितलंस, शब्दाला शब्द, जसं मी तुला सांगायला शिकवलं होतं. तू दुसरी सारणी साहेबांपुढं ठेवलीस. साहेबांनी खिशातून कात्रण काढलं.

“मास्तर, पेपरात तर एकशे सात आहे.”

“पहिल्या लोंब्या निवडून आणलेल्या होत्या, साहेब. या न निवडता तोडल्या.”

“दोन्ही तुम्हीच मोजल्या ना? मग पेपरवाल्यांनी पहिल्याच का छापल्या?”

तू म्हणालास, दुसऱ्याही दिल्या आहेत, येतील. साहेब ओसरीवरच्या मंडळींकडे पाहून हसले. “छापलेलं खोटं आणि फूलस्केपवरचं खरं. वा मास्तर.” मंडळीही हसली. त्यांतल्या निम्म्यांच्या बांध्या तलावाच्या तोंडाशी होत्या. उरलेली साहेब हसले म्हणून हसली. यशोदाचा बाप कोपऱ्यात उभा होता. तो नमस्कार करून एवढंच म्हणाला, की साहेबांनी एकदा बांधीत येऊन पाहावं, पावलं मोजून अर्ध्या कोसावर आहे. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पीक निम्म्याच्या वर ठरलं.

शनिवारी तू पुन्हा माझ्याकडे आलास, हे सगळं सांगितलंस आणि मग विचारलंस, “काहून नाई आली?”

मी म्हणालो, “जागा नव्हती म्हनतात.”

तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ पाहिलंस ते मी मोजलं नाही. मग म्हणालास, “बरं.”

होळीच्या आधी तुझ्या हजेरीपटावर तिसांतली एकोणीस मुलं उरली. गेलेल्या अकरांत यशोदा होती. तिचा बाप जाताना शाळेत येऊन तुला सांगून गेला, पोरीचं नाव काढू नका, आम्ही पाण्यावर परत येतो. पाऊस पडला तसे ते परत आले. ती शाळेत आली नाही. तेव्हा आमच्या वर्तमानपत्रात ‘रोजगाराच्या शोधात अनेक कुटुंबांचे स्थलांतर’ अशी एक बातमी आली होती. ती मी लिहिली. ‘अनेक’ म्हणजे किती, हे त्यात नव्हतं. तू त्याखाली रेघ मारली नाहीस, कारण त्यानंतर बरीच वर्षं तू माझ्यासमोर पेन्सिल काढलीच नाहीस.

मी जिल्हा प्रतिनिधी झालो. टेबलावर टेलिफोन आला. कात्रण तुझ्या शाळेनं काचेत घालून शिक्षकांच्या खोलीत टांगलं, तुझ्या खुर्चीच्या बरोबर समोर. ते काढा, असं तू मुख्याध्यापकांना लेखी दिलंस. ते म्हणाले, निरीक्षणाला आलेले लोक कौतुक करतात. मग तू म्हणालास, शेजारी दुसरी सारणी लावू द्या. ते म्हणाले, त्यानं गोंधळ होईल. तेव्हा तू वेगळा मार्ग काढलास आणि तो मला या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हता. दर वर्षी धड्याचा पहिला तास तू त्या दोन सारण्यांनी सुरू करायचास. आधी एकशे सात फळ्यावर मांडायचास, मुलांना चूक शोधायला लावायचास, आणि मग दोर घेऊन बांध्यांत न्यायचास. तेव्हापासूनच्या दहावीच्या प्रत्येक तुकडीला तो आकडा पाठ आहे. शोकसभेत मागून जे ऐकू आलं ते हे होतं. एका चौकटीला तू इतकी वर्षं तोंडी उत्तर देत राहिलास, आणि उत्तर छापण्याची सोय ज्याच्याकडे होती तो तुझ्या घरी दर दिवाळीला फराळ खात होता.

आपली मैत्री तुटली नाही, याची मला आता सगळ्यात जास्त घृणा वाटते. तुटली असती तर हिशेब सरळ झाला असता. तू येत राहिलास. वहिनींच्या हातची करंजी डब्यातून आणत राहिलास. माझ्या आईच्या आजारपणात दोन रात्री दवाखान्याच्या बाकावर बसलास. मी त्या मैत्रीवर जगलो, ती घेताना प्रत्येक वेळी खणातलं पाकीट मला आठवलं, आणि प्रत्येक वेळी मी ती घेतली.

एकदाच तू त्या विषयाजवळ आला होतास. मोहाडीच्या बाजारात आपण भाजी घेत होतो. एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन गेली, तुला पाहून थांबली, वाकली. दोन मुलं तिच्या पदराला. ती गेल्यावर तू म्हणालास, “यशोदा.” मग, वांगी निवडता निवडता, “पोरीनं खरं सांगितलं होतं बे. तिनं सांगितलं म्हनून मले कळलं.” मी वांग्यांचा भाव विचारला.

शोकसभेनंतर मी तुझ्या घरी गेलो. दाराच्या चौकटीला या वर्षीची जुडी होती, अर्धी चिमण्यांनी खाल्लेली. वत्सलावहिनींनी एक वही पुढं केली. म्हणाल्या, “यात तुमच्या नावाचं पान आहे, भाऊजी. मले काही समजत नाही त्यातलं. तुमीच ठेवा.”

पानाच्या डोक्यावर माझं नाव. खाली तीन रकाने तुझ्या हातचे, पट्टी ठेवून आखलेले : ‘पाठवली म्हणाला’, ‘आली’, ‘नाही आली’. त्या एका वर्षात मी तुला ज्या ज्या बातमीबद्दल ‘पाठवली’ म्हणालो, त्या सगळ्यांच्या खुणा. ‘आली’मध्ये आठ जुड्या आणि एक सुटी रेघ, एकेचाळीस. ‘नाही आली’मध्ये एक रेघ. बेचाळिसांत एक. तू मुलांना शिकवायचास तशी ती संभाव्यता मला काढता येते आणि तुलाही नक्कीच येत होती. पण तू ती काढली नव्हतीस. त्याऐवजी रकान्यांखाली, बारीक अक्षरात, एक ओळ होती :

‘निरीक्षण एकच. यावरून निष्कर्ष काढू नये.’

शाई जुनी आहे. तू हे त्याच वर्षी लिहिलंस आणि वही मिटलीस.

मी ती ओळ तुझ्या ओट्यावर बसून वाचली. तू मला ओळखलं होतंस आणि नियमाच्या आड मला उभं केलंस, म्हणजे तुझ्या डोळ्यांना मी दिसू नये. तुझ्या नियमात ते बसतही होतं. मी मात्र त्या दिवसाचा साक्षीदार आहे. मला निरीक्षण एकच असलं तरी चालतं. पाकीट अजून माझ्याकडे आहे. पत्त्याची शाई विटली आहे, आतले कागद चांगले आहेत. काल ते मी नागपूरला पाठवले, या मजकुरासोबत. आताचे संपादक वयानं लहान आहेत, त्यांनी टेलिफोनवर विचारलं, इतक्या वर्षांनी कशाला? मी म्हणालो, छापायची आहे. ते म्हणाले, बरं.

खाली दिलेला मजकूर तुझ्या फूलस्केपवरून घेतला आहे. शेवटची तीन वाक्यं माझी आहेत.

दुरुस्ती : ‘विद्यार्थ्यांनी मोजलं धान’ या मथळ्याखाली या वर्तमानपत्रात पूर्वी प्रसिद्ध झालेल्या बातमीत लोंबीमागे भरलेले दाणे सरासरी एकशे सात असल्याचे म्हटले होते. त्या साठ लोंब्या निवडून आणलेल्या होत्या. त्याच गावातील सर्व बांध्यांतून न निवडता तोडलेल्या साठ लोंब्यांची सरासरी साडेएकोणपन्नास आहे. ही दुरुस्ती गणित शिक्षक दामोदर गुरुजी यांनी बातमी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या वार्ताहराकडे दिली होती. वार्ताहराने ती पाठवली नाही. जागेची अडचण नव्हती.